उपरीकर मॅडम

“उपरीकर मॅडम, झगड़े में क्या रखा है? राजीनामा कर लेते हैं,” काबरासाहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

“ह, साहब. हुपरीकर,” मी सवयीनं दुरुस्त केलं, आणि मग तो दुसरा शब्द कानातून पोटात उतरला.

राजीनामा.

भीलवाड्याच्या त्या सूतगिरणीत येऊन मला आठ महिने झाले होते. काबरासाहेब तिथले पर्सोनेल मॅनेजर. आवाज कधी चढायचा नाही, सफारीची इस्त्री कधी मोडायची नाही. त्यांच्या तोंडात माझ्या आडनावातला ‘ह’ काही बसत नव्हता. ते मला उपरीकर म्हणायचे, मला त्यात ‘उपरी’च ऐकू यायचं, मी दर वेळी दुरुस्त करायचे आणि ते दर वेळी हसून मान डोलवायचे. गोड बोलणाऱ्या माणसाची मला मुळातच जास्त भीती वाटते. शिव्या देणारा निदान कुठवर जाईल हे कळतं.

“मुझसे?” मी विचारलं.

“आपसे भी, मगदूम जी से भी. बड़े बाबूजी की भी यही इच्छा है. वो कल सुबह आ रहे हैं. उनके सामने राजीनामा हो जाए, आप भी चैन से, हम भी चैन से.”

बडे बाबूजी म्हणजे खुद्द मालक. “साहब, मेरी गलती...” मी म्हणाले.

“अरे, गलती-वलती छोड़िए. मुँह मीठा करवा के घर भेजेंगे आपको.” ते हसले. “चाय लीजिए, ठंडी हो रही है.”

मी तो चहा प्याले. नोकरी काढून घेणाऱ्या माणसासमोर बसून मी मुकाट्यानं त्याचा चहा प्याले, वर कप उचलून ट्रेमध्येही ठेवला. आई म्हणायची, या पोरीसमोर भाकरी फुगली तरी दचकते. ती काही खोटं बोलत नव्हती.

खरं तर आम्ही मागितलं होतं ते एवढंसं. इचलकरंजीची गिरणी बंद पडली तेव्हा मालकांनी दोघांना उचलून भीलवाड्याच्या गिरणीत पाठवलं. सूत तपासायच्या प्रयोगशाळेतून मला, आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांतून महादेव मगदूमला. माझे यजमान अरविंद त्याच गिरणीत हिशेब लिहायचे, त्यांना मात्र घरी बसवलं. “पगार तोच राहील, राहायचा भत्ता वेगळा देऊ,” असं जाताना सांगितलं होतं. पगार तोच राहिला. बाकी काही म्हणजे काही तसं राहिलं नाही.

इचलकरंजीत गिरणीच्या चाळीत राहत होतो, भाडं नावापुरतं. इथं पगाराचा तिसरा हिस्सा पहिल्या तारखेलाच घरमालकिणीच्या हातात जायचा. विहिरीचं पाणी खारं, म्हणून प्यायला टँकर. उन्हाळ्यात कूलर नसेल तर भिंतीसुद्धा भाजायच्या, आणि कूलर असेल तर विजेचं बिल भाजायचं. ज्वारी मागितली तर वाणी म्हणाला, “ज्वार? वो तो पशु आहार की दुकान पे मिलेगी.” आमची भाकरी तिथं गुरांच्या दुकानात होती. अरविंद रोज सकाळी नोकरी शोधायला जायचे आणि दुपारी घामानं भिजून परत यायचे. आमच्या मुलीला, मुग्धाला, सातवीत हिंदी शाळेत घातलं होतं, तिच्या फीचा दुसरा हप्ता राहिला होता. त्या सगळ्याला आधार माझ्या एका पगाराचा.

भत्त्यासाठी सहा महिने मी काबरासाहेबांच्या मागं लागले. “हो जाएगा” यापलीकडे काही झालं नाही. शेवटी मगदूम म्हणाला, “मॅडम, मऊ लागलं की कोपरानं खणत्यात. चला सरकारी हाफिसात.” आणि आम्ही दोघांनी श्रम कार्यालयात जाऊन तक्रार दिली. सही करताना मी दोनदा पेन खाली ठेवलं, तेव्हा तिथल्या कारकुनानं मला आधी पाणी दिलं. त्या तक्रारीची नोटीस गिरणीत पोचली, आणि पाठोपाठ हे बोलावणं.

केबिनमधून निघाले ती तडक मगदूमला शोधत गेले. तो मशीनखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. मला बघून बाहेर आला, फडक्याला हात पुसले.

“मगदूम, मला राजीनामा द्यायला सांगितलंय.”

“मला बी,” तो म्हणाला. “सकाळीच बोलिवलं हुतं. मी लिवून दिला बी.”

“दिला? लगेच?”

“मग काय करू? साखर लावून सांगत्यात, राजीनामा करून टाका, घरी जावा. हाकलून द्यायच्या आधी आपल्या पायानं गेल्यालं बरं. उद्या दुपारची अहमदाबादची गाडी. तितनं रेल्वेनं मिरज.”

“आणि सुवर्णा?”

सुवर्णा त्याची बायको. भीलवाड्यात आल्यापासून ती कुणाशी फारशी बोलत नसे. तिचं नाव काढल्यावर मगदूम पहिल्यांदा जरा हसला.

“जेवायच्या सुट्टीत तिला सांगितलं तर तिनं उभ्या उभ्या ट्रंक काढली. कूलर शेजारणीला देऊन बी टाकला.” मग त्यानं आवाज खाली आणला. “तुमी बी लिवून द्या, मॅडम. ह्यास्नी आपण नको हाय. उगं शोभा कशाला?”

एवढा धीराचा माणूस एका सकाळीत मोडला, हे बघून माझं उरलंसुरलं अवसान गेलं. परत प्रयोगशाळेत आले. सुताची लड यंत्राला लावली, ताण वाढवत नेला आणि ती तुटली तेव्हा काटा कुठं होता ते बघायचंच राहिलं. दुसरी लावली. तीही तशीच तुटली. मी यंत्र बंद करून बसून राहिले.

घरी गेले तर अरविंद अंगणात घरमालकिणीला, भँवरीबाईंना, धान्याचं पोतं उचलू लागत होते. माझा चेहरा बघून त्यांनी पोतं खाली ठेवलं.

“काय झालं?”

“राजीनामा मागतायत.”

मी मराठीतच बोलले होते, पण भँवरीबाईंनी तेवढा शब्द बरोबर पकडला. “राजीनामा हो रहा है?” त्या पदर सावरत म्हणाल्या. “भगवान का शुक्र है, बेटी. कचहरी के चक्कर से तो बचे.”

आत आल्यावर अरविंद म्हणाले, “या गावात कुणाची नोकरी गेली की देवाचे आभार मानतात काय?”

एरवी मी हसले असते. त्या संध्याकाळी मला वाटलं, सगळ्या गावाला आमचं आधीच ठाऊक आहे. वाण्याला, भँवरीबाईंना, टँकरवाल्याला. सगळे आमच्या जाण्याची वाट बघतायत आणि आम्हालाच काय ते शेवटी सांगितलंय.

“आता काय करायचं?” मी विचारलं. “मुग्धाची शाळा. इचलकरंजीतली खोली सोडलीय. तिकडे जाऊन राहायचं कुठं, खायचं काय? मी उगीच गेले हो त्या कार्यालयात. मिळत होतं त्यातच गप्प बसायला हवं होतं.”

“रडू नकोस. ऐक.” अरविंद माझ्यासमोर बसले. माणूस बेकार असला की त्याच्या बोलण्याला धार राहत नाही, पण त्या दिवशी जुने हिशेबनीस परत आल्यासारखे वाटले. “राजीनामा मागतात याचा अर्थ काय? त्यांना तुला काढता येत नाही. तक्रार चालू असताना काढलं तर त्यांच्याच अंगाशी येईल. म्हणून तुझ्या हातानं लिहून घ्यायचंय. तू सही केलीस की संपलं, भरपाईसुद्धा मागता यायची नाही. तेव्हा उद्या एकच वाक्य बोलायचं. राजीनामा नाही. ते गोड बोलू देत, ओरडू देत, धमकी देऊ देत. राजीनामा नाही.”

“मला जमेल?”

“जमायलाच पाहिजे, शैला.”

मुग्धा दाराशी उभी राहून ऐकत होती. जेवताना तिनं दुसरी पोळी नको म्हणून सांगितलं. मी काय ते समजले आणि बळंच तिच्या ताटात पोळी वाढली.

सकाळी गिरणीत जाईपर्यंत मी ते वाक्य घोकत होते. राजीनामा नहीं करूँगी. केबिनमध्ये बडे बाबूजी आधीच बसले होते. मालकांना मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, काठी मांडीवर आडवी. टेबलावर मिठाईचा खोका होता आणि शेजारी टाइप केलेले कागद. बळी द्यायच्या बोकडाला आधी हार घालतात म्हणे.

“आओ बेटी,” बाबूजी म्हणाले.

“बैठिए, उपरीकर मॅडम,” काबरासाहेब कागद पुढं करत म्हणाले. “मगदूम जी तो बड़े समझदार निकले. कल ही राजीनामा लिख के दे गए. आप यहाँ दस्तख़त कर दीजिए, बस.”

“ह. हुपरीकर,” मी म्हणाले. ती सवय. मग डोळे मिटून एका दमात सांगितलं, “साहब, मैं राजीनामा नहीं करूँगी.”

काबरासाहेबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून ते गेलं.

“क्या?”

“नहीं करूँगी. हाथ जोड़ती हूँ, साहब. मेरे घर का सोचो. पति को काम नहीं है, लड़की स्कूल में है. कुछ भी बोलो, पर राजीनामा मत बोलो.”

“मॅडम, आप पढ़ के तो देखिए.”

“पढ़ना भी नहीं है,” मी कागद परत ढकलला. वाचला तर सही करावी लागेल, असं काहीतरी माझ्या भित्र्या डोक्यानं घेतलं होतं.

बाबूजींनी काठी जमिनीवर टेकवली. “काबरा, तुम तो कहते थे शरीफ औरत है.”

“बाबूजी, मुझे क्या पता था! मगदूम ने तो चुपचाप लिख दिया. इन्हें किसी ने सिखाया है.” काबरासाहेब माझ्याकडे वळले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “तो आप लड़ना चाहती हैं? मालिक से? बाबूजी ख़ुद चल के आए हैं, और आप मुँह पे मना कर रही हैं?”

मी जितके हात जोडत होते तितके ते भडकत होते. मी काकुळतीला येऊन म्हणत होते राजीनामा नको, आणि समोरचे दोघं मी थोबाडीत मारल्यासारखे लाल होत होते. हे काय चाललंय तेच कळेना. पण अरविंद म्हणाले होते, ओरडू देत.

“राजीनामा नहीं,” मी परत म्हणाले. आता मला रडू यायला लागलं होतं.

काबरासाहेबांनी कागद उचलून आपटले. “ठीक है! राजीनामा नहीं करना है, तो इस्तीफा दे दीजिए, और जाइए!”

मी जोडलेले हात खाली घेतले.

इस्तीफा मला ठाऊक होता. बातम्यांत रोज कुणीतरी मंत्री तो देत असे. राजीनामा नसेल करायचा तर इस्तीफा द्या. म्हणजे हे दोन वेगळे आहेत? चहा नको असेल तर कॉफी घ्या, तसे?

“साहब,” मी भीत भीत विचारलं, “इस्तीफा तो... वही तो आप माँग रहे हैं ना? राजीनामा?”

“इस्तीफा किसने माँगा आपसे?”

मग बाबूजी पुढं झुकले. “बेटी, तुम्हारे यहाँ राजीनामा किसे कहते हैं?”

“नौकरी छोड़ने का कागज.”

बाबूजींनी आधी काबरासाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हमारे यहाँ,” ते सावकाश म्हणाले, “दोनों पक्ष राज़ी हो जाएँ, झगड़ा मिट जाए, उसको राजीनामा कहते हैं. सुलह.” त्यांनी काठीनं तो कागद माझ्याकडे सरकवला. “पढ़ो.”

वाचला. अक्षरं डोळ्यांतल्या पाण्यात पोहत होती, पण वाचला. महाराष्ट्रातून बदलून आलेल्या दोघांना घरभाडं आणि पाण्याचा खर्च गिरणी देईल, मागच्या आठ महिन्यांचाही देईल. दोघांनी तक्रार मागं घ्यावी. बस, इतकंच होतं. ज्याच्यासाठी मी सहा महिने खेटे घातले ते समोर मांडून ठेवलं होतं, आणि मी हात जोडून म्हणत होते, नको, नको.

बाबूजी हसायला लागले. काबरासाहेबही हसले. मला हसू आलं नाही. त्या दोन परक्या पुरुषांसमोर मी ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसून सही केली. काबरासाहेबांनी पेढा हातात दिला तेव्हा कुठं डोक्यात लख्ख झालं.

“साहब, मगदूम का कागज?”

त्यांनी तो काढला. वर ‘राजीनामा’ आणि खाली मगदूमची वाकडीतिकडी मराठी. काबरासाहेबांनी मथळा आणि सही बघून समाधानानं ठेवून दिला होता. मी वाचून दाखवला. मी राजीखुशीनं राजीनामा देत आहे, मला मोकळं करावं, कुणाबद्दल तक्रार नाही.

“अरे राम,” काबरासाहेब म्हणाले. “वो गए कहाँ?”

“दोपहर की बस से. गाँव.”

“ले आइए उनको! ऐसा फिटर पूरे ज़िले में नहीं मिलेगा.”

रिक्षात बसल्यावर परत भीती. आता ती मगदूमसाठी होती. बस सुटली असली तर? एका शब्दाच्या घोळानं माणूस संसार गुंडाळून निघाला होता, आणि ते ठाऊक असलेली मी एकटी त्या रिक्षात होते. रेल्वे फाटक लागलं तेव्हा मी रिक्षावाल्याला चक्क ओरडले. तो म्हणाला, “बहनजी, गाड़ी मेरी मानेगी क्या?”

बस उभी होती. मगदूम टपावर ट्रंकेला दोरी बांधत होता. मी खालून हाका मारल्या, तो उतरला, आणि मी धापा टाकत सगळं सांगितलं. राजीनामा, इस्तीफा, भत्ता, पेढे.

तो असा हसला की त्याला बसच्या पत्र्याला टेकावं लागलं.

“म्हंजे त्यो चांगल्या मनानं बोलत हुता? आन् मी रातभर त्याला शिव्या घातल्या!”

“उतरवा सामान. घरभाडं मिळेल, पाण्याचे पैसे मिळतील, मागचंसुद्धा. आता भागेल मगदूम. नीट भागेल.”

“वैनी?” सुवर्णानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हिरवी साडी नेसली होती, केसांत कुठून तरी मिळवलेलं फूल होतं. मांडीवर पोरगी झोपली होती. आठ महिन्यांत त्या बाईला मी इतकं टवटवीत कधी बघितलं नव्हतं. “काय झालं वो? परत जायाचं?”

परत म्हणजे कुठं, ते तिनं सांगितलं नाही. पण विचारताना तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तो मी बघितला आणि मगदूमनंही बघितला.

त्यानं मान खाली घालून दोरीचं उरलेलं टोक हाताला गुंडाळलं.

“न्हाई,” तो तिला म्हणाला. “काय न्हाई. मॅडम पोचवायला आल्यात.”

“मगदूम, अहो, तिकडे काय करणार?”

“माग दुरुस्तीला कुनीतरी जॉबर म्हनून घीलच की. निम्मा पगार मिळंल.”

“निम्म्या पगारात भागेल?”

“हितं पुऱ्या पगारात भागत हुतं व्हय?” तो म्हणाला. कंडक्टरनं घंटी मारली. मगदूम पायरीवर चढला, दांडी धरून वळला. “सायबास्नी सांगा, म्हादू मगदूमचा कागद मराठीत वाचा म्हनावं.”

बस निघाली. सुवर्णानं खिडकीतून हात हलवला. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता त्या गावात गिरणीच्या फाटकाच्या आत मराठी बोलायला मला कुणी उरलं नाही. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती मात्र मी अरविंदना कधी सांगितली नाही. राजीनामा हा एकच शब्द. तो ऐकून मी घाबरून रडले होते, आणि सुवर्णानं ट्रंक काढली होती. घरी जायची वाट त्या शब्दातून मलाही होती, पण मला ती दिसलीसुद्धा नाही. भीतीनं डोळे इतके झाकले होते.

गिरणीत परत आले. काबरासाहेब फाटकापाशीच उभे होते.

“मिले?”

“मिले. चला गया वो. उसका राजीनामा मराठी में था, साहब.”

त्यांना ते कळायला जरा वेळ लागला. मग ते आत जायला वळले, थांबले आणि काळजीनं, अगदी मनापासून विचारलं, “उपरीकर मॅडम, आप तो रहेंगी ना?”

“रहूँगी, साहब,” मी म्हणाले.

पुढं बारा वर्षं मी तिथं काढली. मुग्धाचं शिक्षण झालं, अरविंदना एका दुकानात हिशेबाचं काम मिळालं, कूलरचे दोन झाले. पण त्या दुपारनंतर माझं आडनाव मी एकदाही दुरुस्त केलं नाही.